न उडणारं पाखरू आणि गावाचा ठराव

 

मुंगूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. बांधावरून सर्रकन पळालं की आपण पोरांना दाखवतो, 'बघ, मुंगूस दिसलं, आता दिवस चांगला जाणार.' सापाचं वैरी म्हणून त्याला मान. पंचतंत्रातली गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकलेली. पाळण्यातल्या बाळाला वाचवायला मुंगसानं साप मारला, त्याच्या तोंडाला रक्त लागलेलं पाहून बाळाच्या आईला वाटलं की यानंच बाळाला खाल्लं, आणि तिनं घाईत त्या बिचाऱ्यालाच मारलं. नीट न बघता, न विचारता केलेल्या कामाचा पस्तावा काय असतो, ते त्या गोष्टीत आहे.

आज आम्ही मुंगसाची दुसरी हकीकत सांगणार आहोत. ही घडलेली आहे. यातलं मुंगूस आपल्या मुलखातून बोटीत बसून दूर एका बेटावर गेलं. ज्या कामाला नेलं ते काम त्याच्याकडून झालं नाही. उलट त्या बेटावरच्या एका पाखराचा निर्वंश व्हायची वेळ आली. हे पाखरू जगात दुसरीकडे कुठंही नाही. ते आज जिवंत आहे, आणि ते जिवंत राहण्यात एका लहानशा गावानं केलेल्या ठरावाचा मोठा वाटा आहे. म्हणून ही हकीकत आपल्या गटांनी ऐकावी असं आम्हाला वाटलं.

आधी जागा समजून घेऊ. जपान देश म्हणजे बेटांची माळ. त्या माळेच्या दक्षिण टोकाकडे, तैवानच्या वाटेवर, ओकिनावा नावाचं बेट आहे. लांबीला शंभर किलोमीटरच्या वर, पण रुंदीला चिंचोळं. क्षेत्रफळ साधारण दोन मुंबई शहरांएवढं. हवा उबदार, पाऊस भरपूर, वादळं नेहमीची. तिथे ऊस पिकतो, अननस पिकतो. बेटाच्या दक्षिण भागात दाट वस्ती आणि नाहा हे मोठं शहर आहे. उत्तरेचा भाग मात्र डोंगराळ आणि दाट रानाचा. त्या भागाला यानबारू म्हणतात. कुनिगामी, ओगिमी आणि हिगाशी अशा तीन गावांचा हा मुलूख. गाव म्हणजे आपल्या गट ग्रामपंचायतीसारखं समजा, एकेका गावाखाली समुद्राकाठी विखुरलेल्या कितीतरी वाड्या.

या वाड्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या रानावर जगली. लाकूडफाटा आणि कोळसा शिडाच्या होड्यांत भरून दक्षिणेला न्यायचा आणि तिकडून तांदूळ-मीठ आणायचं, असा व्यवहार. ओगिमीतल्या किजोका वाडीत बायका केळीच्या जातीच्या झाडाच्या सोपटापासून धागा काढून कापड विणतात, ते कापड सगळ्या जपानात नावाजलेलं आहे. उत्तर टोकाच्या ओकू वाडीनं 1906 मध्ये सगळ्या घरांच्या मालकीचं दुकान काढलं. नफा कुणा एका शेटजीच्या घरात न जाता वाडीच्या कामाला यावा, हा त्यामागचा विचार. मग अशी दुकानं वाडीवाडीत निघाली. आपल्या बचत गटांचे ते लांबचे भाऊबंदच म्हणायचे. एकत्र बसून ठरवायची आणि ठरवलेलं पाळायची सवय या लोकांना जुनी आहे, हे लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आता त्या पाखराकडे येऊ. जपानी भाषेत त्याचं नाव यानबारू कुइना. ते पाणकोंबडीच्या कुळातलं आहे. ओढ्याच्या काठी, भाताच्या खाचरात शेपटी उडवत लगबगीनं पळणारी पांढऱ्या छातीची पाणकोंबडी आपण पाहतो, तिचीच ही चुलत बहीण. उंचीला आपल्या तलंगेपेक्षा लहान, वजन अर्ध्या किलोच्या आत. पाठ मातकट हिरवट, पोटावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, डोळ्यामागे पांढरा पट्टा, आणि चोच, डोळे, पाय लालभडक. सकाळ-संध्याकाळ रानात त्याचा मोठा आवाज घुमतो. गोगलगाई, किडे, बेडूक, सरडे, पडलेली फळं हे त्याचं खाणं. गोगलगाईचं कवच दगडावर आपटून फोडायची त्याची रीत आहे.

या पाखराला पंख आहेत, पण उडता जवळजवळ येत नाही. झाडावरून खाली उतरताना पंख फडफडवतं, तेवढंच. असं का झालं? पंख हलवणारे छातीचे स्नायू पोसायला पुष्कळ खाणं लागतं. जिथे उडून पळायची गरज नाही, तिथे हा खर्च अंगाला परवडत नाही. हजारो वर्षं यानबारूच्या रानात मांजर नव्हतं, कोल्हा नव्हता, मुंगूस नव्हतं. जमिनीवर दबा धरून पाखरू खाणारं केसाळ जनावरच नव्हतं. त्यामुळे पिढ्या जात गेल्या तसे पंख दुबळे होत गेले आणि पाय दणकट झाले. टिटवीसारखं ते जमिनीवरच अंडी घालतं. फरक एवढाच, की कुत्रं आलं तर टिटवी कलकलाट करत उडून जाऊ शकते. याला ती सोय नाही.

एक वैरी मात्र तिथे होता. हाबू नावाचा विषारी साप. आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला. हा साप रात्री हिंडतो. पाखरानं त्याच्यावर तोड काढली. दिवस मावळला की तिरप्या खोडावरून पायांनी चालत वर चढायचं, रात्र फांदीवर काढायची आणि उजाडल्यावर खाली उतरायचं. साप रात्रीचा, पाखरू दिवसाचं. दोघांचा संसार एकाच रानात चालला होता. ही दिवस-रात्रीची वाटणी ध्यानात असू द्या, कारण सगळी गफलत तिथेच झाली.

आता एक गंमत ऐका, आणि ती नुसती गंमत नाही. शास्त्राच्या पुस्तकात या पाखराची नोंद 1981 मध्ये झाली. त्या वर्षी यामाशिना पक्षी संस्थेच्या अभ्यासकांनी ते पकडून पाहिलं, मोजलं आणि नवी जात म्हणून जाहीर केलं. जपानसारख्या शिकलेल्या देशात इतक्या उशिरा नवा पक्षी सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला. पण यानबारूच्या माणसांना ते पाखरू नवं नव्हतंच. त्यांच्या बोलीत त्याला नाव होतं, आगाची. म्हणजे घाईघाईनं पळणारं, धांदरट. कुणी त्याला डोंगरातलं पाखरू म्हणायचं. लाकडाला, पाण्याला, रानभाजीला रानात जाणाऱ्यांच्या पायापुढून ते रोज पळत होतं. मग नोंद का नव्हती? रान दाट, पाखरू लाजरं, हे खरंच. पण त्या बेटाच्या नशिबी आलेले दिवसही तसेच होते.

ओकिनावा पूर्वी र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. जपाननं 1879 मध्ये ते पुरतं खालसा करून आपल्यात घेतलं. तिथली बोली, तिथल्या चालीरीती मागासलेल्या समजल्या जाऊ लागल्या. 1945 मध्ये दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई या बेटावर झाली. दोन लाखांवर माणसं मेली, त्यात बेटावरचे साधे लोक फार मोठ्या संख्येनं होते. दक्षिणेकडून बायका-पोरं जीव घेऊन यानबारूच्या रानात पळाली, तिथे उपासमारीनं आणि हिवतापानं कितीतरी गेली. युद्धानंतर 1972 पर्यंत बेटावर अमेरिकेचा अंमल होता, आणि यानबारूच्या रानाचा मोठा तुकडा अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी घेतलेला होता. अशा काळात रानातल्या पाखराचं नाव बोलीत काय आहे, हे विचारायला कोण येणार? जे लोकांच्या तोंडी आहे पण कागदावर नाही, ते नाहीच असं धरायची सवय मोठ्या कचेऱ्यांना सगळीकडेच असते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आता मुंगूस. उसाच्या फडात हाबूची भीती मोठी. साप चावून माणसं दगावत, हातपाय निकामी होत. उंदीर उसाची नासाडी करत. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना फडातल्या सापाची धास्ती काय असते ते पुरतं माहीत आहे. तेव्हा लोकांचं दुःख खरं होतं, त्यावर उपाय हवाच होता. टोकियोच्या विद्यापीठात शोझाबुरो वातासे नावाचे प्राणिशास्त्राचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी ठरवलं की हिंदुस्थानातलं मुंगूस आणून सोडावं, ते साप आणि उंदीर दोन्ही खाईल. 1910 मध्ये गंगेच्या मुखाकडच्या मुलखातून, म्हणजे आज जिथे बांगलादेश आहे तिकडून, मुंगसं आणली गेली. आपल्या बांधावर दिसतं ते करडं मुंगूस. हे त्याचं भाऊबंद, अंगानं लहान. दीड डझनाच्या आसपास मुंगसं ओकिनावाच्या दक्षिण भागात सोडली गेली. बस, एवढीच.

असा प्रयोग तोपर्यंत दुसरीकडे होऊन गेलेला होता. 1872 मध्ये जमैका नावाच्या बेटावरच्या एका ऊसमळ्याच्या मालकानं कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवून उंदरांवर सोडली होती. तिथून त्यांची पिल्लावळ 1883 मध्ये हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांत गेली. सुरुवातीला उंदीर कमी झाल्यासारखे वाटले. मग मुंगसांनी कोंबड्या, जमिनीवर घरटी करणारी पाखरं, सरडे, बेडूक, जे सापडेल ते खायला सुरुवात केली आणि जमैकात तक्रारी वाढल्या. हे सगळं 1910 च्या आधीच घडून गेलेलं होतं.

ओकिनावात काय झालं? मुंगूस दिवसा हिंडतं आणि रात्री बिळात झोपतं. हाबू रात्री हिंडतो आणि दिवसा लपून बसतो. दोघांची गाठच पडेना. गारुड्याच्या खेळात साप आणि मुंगूस समोरासमोर ठेवले तर ते भांडतील. मोकळ्या रानात पोट भरायचं असेल, तर विषारी सापाशी झुंजायला कोण जाईल? पुढे पकडलेल्या मुंगसांची पोटं तपासली, तेव्हा त्यात किडे, सरडे, बेडूक, पाखरांची पिसं असं सगळं निघालं, हाबू मात्र क्वचितच. आणि दिवसा जमिनीवर कोण भेटणार? आपलं न उडणारं पाखरू. ज्या दिवस-रात्रीच्या वाटणीनं ते सापापासून वाचत आलं होतं, त्याच वाटणीनं ते मुंगसाच्या पुढ्यात आलं.

हे एका दिवसात झालं नाही. दक्षिणेत सोडलेली मुंगसं वाढत वाढत, पिढ्या पिढ्या करत उत्तरेकडे सरकत गेली. यानबारूच्या रानात शिरायला त्यांना ऐंशी-एक वर्षं लागली. ज्यांनी सोडली ते कधीच जग सोडून गेले होते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर पाखरांची मोजदाद झाली, तेव्हा अंदाज अठराशेच्या आसपास होता. 2005 च्या सुमारास तो सातशेवर आला. रानाच्या दक्षिण कडेची पाखरं आधी गप्प झाली, मग त्याच्या वरची. जिकडून मुंगूस येत होतं तिकडून आवाज बंद होत चालला होता.

तरीही मोठ्या माणसांचा मुंगसावरचा विश्वास किती चिवट असतो पाहा. 1979 मध्ये, म्हणजे ओकिनावाचा अनुभव समोर असताना, तिथलीच तीसेक मुंगसं शेजारच्या आमामी ओशिमा बेटावर हाबू मारायला नेऊन सोडली. तिथेही तेच झालं. साप राहिले, आणि त्या बेटावरचा दुर्मीळ काळा ससा कमी होऊ लागला.

दुसरं संकट घराघरातलं होतं. मांजर. मांजरानं उंदीर मारावेत म्हणून आपण पाळतो, तशी तीही पाळत. त्यात शहरातली माणसं नको झालेली मांजरं गाडीत घालून आणायची आणि यानबारूच्या रस्त्याकडेला सोडून जायची. आपल्याकडेही नको असलेली पिल्लं पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडतात, तसंच. ती मांजरं रानात शिरली आणि रानटी झाली. त्यांच्या विष्ठेत या पाखराची पिसं सापडली, तेव्हा शंका उरली नाही.

मुंगूस सरकारनं आणि विद्वानांनी आणलं होतं, त्याला बोल लावणं सोपं. मांजर मात्र आपल्याच उंबऱ्यावर निजलेलं. त्याचं काय करायचं? कुनिगामीच्या पूर्व किनाऱ्यावर आदा नावाची वाडी आहे. घरं थोडी, माणसं थोडी, तरणी पोरं बरीचशी शहराकडे गेलेली. आपल्याकडच्या डोंगराळ वाड्यांसारखीच. या वाडीत शिनुगू नावाचा जुना सण आहे. त्या दिवशी पुरुष डोंगरात जातात, अंगाला झाडपाला गुंडाळून खाली उतरतात आणि वाडीतल्या बायका त्यांना सामोऱ्या जातात. संध्याकाळी बायकांची फेर धरून गाणी होतात. डोंगराशी नातं असलेली ही वाडी. तिच्या आसपासच्या रानात पाखरं उरलेली होती.

2002 मध्ये आदाच्या लोकांनी एकत्र बसून मांजरांसाठी स्वतःचे नियम केले. ज्याच्या घरी मांजर, त्यानं त्याची नोंद करायची. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, म्हणजे ते कुणाचं हे कळतं. पैदास आवरायला शस्त्रक्रिया करून घ्यायची. मांजर मोकाट सोडायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पुढे होऊन हे काम करून दिलं. मांजरांना मारा असं कुणी म्हटलं नाही. आपलं मांजर आपल्या जबाबदारीवर, एवढंच म्हटलं. ऐकायला साधं आहे. पण आपल्या गावात कुणी उठून म्हणावं, की उद्यापासून कुत्रं-मांजर नोंदवल्याशिवाय पाळायचं नाही, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल. चार माणसं हसतील, चार चिडतील. आदानं ते केलं. आणि एका वाडीनं केल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत कुनिगामी, ओगिमी आणि हिगाशी या तिन्ही गावांनी तसाच कायदा केला.

मैत्रिणींनो, एकट्या वाडीच्या ठरावानं सगळं झालं असं आम्ही म्हणणार नाही. ते खोटं होईल. मुंगसं पकडायचं काम मोठं होतं, त्याला सरकारचा पैसा आणि माणूसबळ लागलं. 2000 पासून यानबारूत पिंजरे लावून मुंगसं धरायला सुरुवात झाली. बेट जिथे अरुंद आहे तिथे, चढून जाता येणार नाही असं आडवं कुंपण घातलं, म्हणजे दक्षिणेकडची मुंगसं वर येणार नाहीत. पगारी पथकं नेमली. ती रोज रान तुडवतात, पिंजरे तपासतात, वास घेणारी शिकवलेली कुत्री बरोबर नेतात. अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र निघालं, म्हणजे रानात काही विपरीत झालं तरी वंश राहावा. रस्त्यांवर 'पाखरू आडवं येतं, गाडी हळू चालवा' अशा पाट्या लागल्या. रस्त्याकडेच्या गटारांत पडलेलं पिल्लू चढून बाहेर यावं म्हणून गटारांना उतार काढून दिले.

या सगळ्याचं फळ दिसलं. सातशेवर आलेली पाखरं वाढत पुन्हा दीड हजाराच्या आसपास गेली. ज्या भागातला आवाज बंद झाला होता, तिथे काही ठिकाणी तो परत ऐकू येऊ लागला. 2016 मध्ये यानबारूचं रान राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी अमेरिकन सैन्याकडच्या रानातला सुमारे चार हजार हेक्टरचा भाग परत मिळाला. 2021 मध्ये हे रान जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आणि आमामी ओशिमा बेटावर वर्षानुवर्षं पिंजरे लावून, तीस हजारांहून जास्त मुंगसं धरून, 2024 मध्ये सरकारनं जाहीर केलं की आता त्या बेटावर मुंगूस उरलेलं नाही.

तीस मुंगसं सोडायला एक दिवस पुरला. ती काढायला कित्येक वर्षं आणि तीस हजार जीव लागले. हा हिशोब मनात ठेवण्यासारखा आहे. त्या मुंगसांचा काय अपराध होता? त्यांनी आपलं पोट भरलं. पंचतंत्रातल्या मुंगसासारखीच तीही माणसाच्या घाईला बळी पडली. त्यांना मारताना कुणाला आनंद झाला असेल असं आम्हाला वाटत नाही. पण एकदा चूक पसरली की तिची किंमत कुणाला ना कुणाला मोजावीच लागते, आणि बहुतेक वेळा ती चूक करणाऱ्याला मोजावी लागत नाही.

पाखरू अजून धोक्याबाहेर नाही. ओकिनावाच्या दक्षिणेत मुंगसं आहेतच, कुंपणाची डागडुजी एक वर्ष चुकली तर ती परत वर येतील. गाड्यांखाली पाखरं मरतात. वारसा यादीत नाव गेल्यावर पाहुणे वाढतात, पाहुण्यांबरोबर गाड्या वाढतात. मांजरं सोडणारे लोक संपलेले नाहीत. म्हणून राखण चालूच ठेवावी लागते. शेताची राखण एका रात्रीत संपत नाही, तसंच हे.

आता हे आपल्या गटात कशाला बोलायचं, असं एखादी म्हणेल. ओकिनावा कुठे आणि आपलं गाव कुठे. पण बाहेरून आणलेला उपाय आपल्यालाही नवा नाही. जळणासाठी म्हणून आणलेली वेडी बाभूळ कितीतरी माळरानं आणि गायरानं गिळून बसली आहे, हे आपण रोज पाहतो. बाहेरून आलेली चिलापी धरणात शिरली आणि जुने मासे दिसेनासे झाले, हे मासेमारी करणाऱ्या बायका सांगतात. दरवर्षी कुणीतरी नवं बियाणं, नवी जात, नवं औषध घेऊन गावात येतं. त्यातलं पुष्कळसं चांगलंही असतं. सगळ्यालाच नाही म्हणा, असं आमचं म्हणणं नाही. उसाच्या फडात साप चावतो त्याला उपाय हवाच. आमचं म्हणणं एवढंच, की हो म्हणायच्या आधी ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, हे दुसरीकडे कुठे करून झालंय का, आणि तिथे काय झालं? जमैकाची बातमी कुणी नीट विचारली असती, तर ओकिनावात मुंगूस कदाचित आलं नसतं. दुसरी, इथल्या रानाची, पाण्याची, जनावरांची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना विचारलंय का? साप रात्री निघतो हे सांगायला प्राध्यापक लागत नाही, फडात काम करणारी कुठलीही बाई सांगेल. तिसरी, चुकलं तर हे परत काढता येईल का, आणि काढायचा खर्च कोण करणार?

आणि चौथी गोष्ट विचारायची नाही, करायची आहे. आदा वाडीनं दुसऱ्याच्या मुंगसाकडे बोट दाखवून थांबायचं नाकारलं. आधी आपल्या उंबऱ्यावरच्या मांजराची नोंद केली. आपल्या गावातही ओढ्यात टाकला जाणारा कचरा, रानात मोकाट सोडलेली कुत्री, वणवा लावायची सवय, अशी आपल्या हातातली कामं आहेत. त्यासाठी वरून हुकूम यायची वाट बघावी लागत नाही. दहा बायकांनी बसून ठरवलं, वहीत लिहिलं आणि सह्या केल्या, की ठराव होतो. पाळला की नियम होतो.

एवढं जरूर करा. तुमच्या गावच्या रानात, ओढ्यात, माळावर जी पाखरं-जनावरं आहेत, त्यांची तुमच्या बोलीतली नावं म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत उतरवून ठेवा. पूर्वी दिसायचं आणि आता दिसत नाही, असं काय आहे, तेही लिहा. आगाची हे नाव यानबारूच्या लोकांच्या तोंडी होतं, पण शास्त्राच्या पुस्तकात त्या पाखराची नोंद 1981 पर्यंत नव्हती. नोंद असती तर मुंगूस सोडताना कुणीतरी थांबून विचार केला असता, असं आपल्याला वाटतं. निदान आपल्या पाखरांच्या बाबतीत तरी तसं व्हायला नको. गटाच्या पुढच्या बैठकीत वही उघडा, आणि काय काय नावं निघाली ते आम्हाला कळवा. आम्ही ती रेडिओवर वाचून दाखवू.